खुडा, पण उपटू नका!

मुलांनो, बाजारातून आणलेली मेथीची जुडी कधी उलटी धरून पाहिली आहे? खाली मुळं लोंबत असतात. शेतकरी मेथी मुळासकट काढतो, कारण तशी जुडी जास्त वेळ ताजी राहते आणि वाफाही पुढच्या पिकाला मोकळा होतो. पण आपल्या परड्यातली भाजी कुठे बाजारात न्यायचीय? तिथे रोप उपटलं, की एका जेवणात खेळ खलास! तेच नीट खुडलं, तर पुन्हा पुन्हा भाजी देतं.

सातारा-सांगलीच्या पूर्व भागात तर ही युक्ती फार मोलाची. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मात्र तो पाचशेच्या आसपास! सांगलीतल्या जत, आटपाडीचीही तीच तऱ्हा. उन्हाळ्यात तिथे तांब्या-तांब्याने पाणी घालून रोप जगवावं लागतं. मग ते एका फटक्यात संपवायचं कशाला?

तर मग खुडायचं कुठे? नवी पानं कुठून फुटतात ते आधी बघा. तिथे हात लावायचा नाही, एवढंच.

पालकाचा कोंब मधोमध, जमिनीलगत असतो. तो राखा आणि बाहेरची मोठी पानं देठासकट काढा. निम्मी पानं रोपावर राहू द्या. पानं म्हणजे रोपाचं स्वयंपाकघर, ते सगळंच उचलून कसं चालेल? चुका आणि आळूही असाच बाहेरून काढायचा. आणि गंमत माहीत आहे? आपला पालक हा बिटाचा सख्खा भाऊ. परदेशातला स्पिनॅच ही वनस्पतीच वेगळी!

माठ, पोकळा, राजगिरा, अंबाडी यांचं उलटं. त्यांचा शेंडाच खुडायचा. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला, की त्या कळ्या जाग्या होतात. एका फांदीच्या जागी दोन-चार फांद्या!

मेथी जमिनीपासून दोन-तीन बोटं वर कापा. खालच्या पेरांतून फुटवे येतील. कांद्याची पात तर बुडाकडून वाढते, त्यामुळे वरून कापली तरी ती पुन्हा वर येते.

भाजी सकाळीच खुडा. रात्रभर मुळांनी ओढलेल्या पाण्यानं पानं टवटवीत असतात. दुपारच्या उन्हात खुडलेली भाजी लगेच मान टाकते. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी वाफ्यात ओता. साबणाचं पाणी मात्र पानांवर नको.

या चार पानांना एवढं महत्त्व का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे 59 जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे तुमच्या ताया आणि मैत्रिणीच की! पालेभाजीत लोह असतं, पण ते शरीराला सहज मिळत नाही. भाजीवर लिंबू पिळा, मग जास्त मिळतं. अर्थात, नुसत्या भाजीवर भागत नाही. शाळेत लोहाची गोळी मिळाली तर तीही घ्यायची. आणि भाजी ताटात वाढताना ताईच्या वाटणीला कमी येत नाही ना, तेही बघा.

पटत नसेल तर प्रयोग करा. मेथीच्या दोन ओळी पेरा. एक उपटा, दुसरी कापा. कुठल्या ओळीतून किती मुठी भाजी निघाली, ते वहीत लिहा. आणि हो, मेथी, माठ, अंबाडी अशा भाज्यांचं एखादं रोप न खुडता तसंच सोडा. त्याला फुलं येऊ द्या, बी धरू द्या. पुढच्या वर्षीचं बियाणं घरचंच!