घाई घरी ठेवा आणि टोबॅगोला चला

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या घरातल्या जुन्या माणसांना रेडिओ आठवतो. १९७१ च्या मार्च महिन्यात त्रिनिदाद बेटावरच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात सुनील गावस्कर आपला पहिला कसोटी सामना खेळला, दिलीप सरदेसाईने शतक ठोकले आणि अजित वाडेकरच्या संघाने तो सामना जिंकला. त्या त्रिनिदादच्या ईशान्येला, विमानाने वीस-पंचवीस मिनिटांवर, एक धाकटे बेट आहे. त्याचे नाव टोबॅगो. दोन्ही बेटे मिळून एकच देश. धाकट्याची लांबी जेमतेम ४१ किलोमीटर आणि वस्ती साठेक हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एखाद्या गावाएवढी.

कोणी म्हणेल, महिन्याच्या पगारात वाण्याचे बिल भागता भागत नाही, तिथे आम्ही कॅरिबियन बेटांच्या गोष्टी कशाला करायच्या? प्रश्न रास्त आहे. विमानाचे भाडे ऐकूनच छातीत धस्स होते. पण आज आपल्याच वस्तीतली कुणाची मुलगी न्यूयॉर्कच्या इस्पितळात परिचारिका आहे, कुणाचा मुलगा टोरांटोत नोकरीला आहे. ही मुले हौसेने आईवडिलांना बोलावून घेतात आणि मग आईवडील दोन महिने खिडकीतून बर्फ पाहत बसतात. या दोन्ही शहरांतून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमाने आहेत. इकडे बर्फ पडतो तेव्हा टोबॅगोत कोरडा ऋतू असतो. जानेवारी ते मे. अशा घरांनी एक आठवडा काढून जरूर जावे. मुंबईहून थेट निघणाऱ्यांनी मात्र दोन-तीन वर्षांची पुंजी बाजूला काढूनच विचार करावा. उसनवारी करून सहल नको.

आधी कागदपत्रांचे बोलू. भारतीय पासपोर्टवर नव्वद दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी त्रिनिदाद-टोबॅगोचा व्हिसा लागत नाही. तरी नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडे खात्री करून घ्यावी. अमेरिकेतून जाणाऱ्यांनी आपल्याला अमेरिकेत परत शिरता येईल ना, हे व्हिसावर नीट पाहावे. दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. त्रिनिदादहून भारतात परतणाऱ्याकडे पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागतात. नसेल तर घरी येण्याऐवजी विलगीकरणात दिवस काढावे लागू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. मुलांच्या बॅगेत लष्करी ठिपक्यांची विजार किंवा टोपी असेल तर काढून ठेवा. त्या देशात साध्या नागरिकाने तसले कापड घालणे हा गुन्हा आहे!

त्रिनिदादमध्ये गुन्हेगारीमुळे डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती, हेही लपवत नाही. निघण्यापूर्वीच्या बातम्या वाचाव्यात. पोर्ट ऑफ स्पेनला रात्रीची भटकंती न करता विमानतळावरूनच पुढचे विमान धरावे. बोटही आहे, पण तिला काही तास लागतात आणि समुद्र खवळलेला असला की पोट ढवळते.

टोबॅगोत उतरले की विमानतळापासून स्टोअर बे हा किनारा चालत जाण्याइतका जवळ आहे. इथे मोठ्या हॉटेलाची गरज नाही. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या भाड्याने मिळतात. चार माणसांच्या कुटुंबाने तशीच खोली घ्यावी. तांदूळ आणि मासळी तिथे मिळते, मसाला आपला न्यावा, एक वेळ घरी रांधावे. अमेरिकेच्या एका डॉलरला तिथले पावणेसात डॉलर मिळतात. त्या हिशेबाने खिसा सांभाळावा.

आता समुद्राबद्दल. तोंडावर काचेचा चष्मा लावायचा, दातांत नळी धरायची आणि पाण्यावर पालथे तरंगत खालचे जग पाहायचे, याला स्नॉर्कलिंग म्हणतात. खोल बुडी मारावी लागत नाही. पण आपल्यातल्या कितीजणांना पोहता येते? मुंबईत जन्म गेला तरी चौपाटीवर घोट्याच्या वर पाणी घेतले नाही, अशा माणसांनी आपल्या चाळी भरल्या आहेत. त्यात आयाबहिणी जास्त. म्हणून माझे ऐका. आधी मालवणला जा. एस.टी.ने जाता येते. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग करवतात. नळीतून श्वास घ्यायची सवय तिथेच करा. परदेशात जाऊन पहिल्याच दिवशी घाबरलात तर सगळा खर्च पाण्यात.

चष्मा शक्यतो स्वतःचा न्यावा. तो चेहऱ्याला लावून, पट्टा न ओढता, नाकाने हलकेच श्वास आत घ्यायचा. चष्मा चिकटून राहिला तर मापाचा आहे. तरंगण्याचे जाकीट न लाजता मागून घ्यावे. एकट्याने पाण्यात उतरू नये. भगिनींनी पोहण्याच्या पोशाखाची धास्ती घेऊ नये. अंगाला बसणारी विजार आणि लांब बाह्यांचा टीशर्ट चालतो, उलट पाठ उन्हाने भाजत नाही.

स्टोअर बे आणि शेजारच्या पिजन पॉइंटवरून काचेच्या तळाच्या बोटी बक्कू रीफला जातात. रीफ म्हणजे प्रवाळाचा बांध. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण असंख्य चिमुकल्या जिवांनी ते वर्षानुवर्षे बांधलेले असते. १९७३ साली या जागेला कायद्याने संरक्षण मिळाले. तरी पूर्वी बोटवाले पर्यटकांना प्लास्टिकच्या चपला देऊन त्यावरून चालवत नेत. पायाखाली किती मोडले, त्याचा हिशेब नाही. पुढे २००५ आणि २०१० साली पाणी तापून बरेच प्रवाळ पांढरे पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बार्ज उलटून बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर तेल पसरले. तेव्हा पुस्तकातल्या चित्राइतके रंग दिसतील अशी आशा धरू नका. पण पोपटमासे दिसतील. हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातात आणि पोटातून वाळू बाहेर टाकतात. ज्या पांढऱ्या वाळूत आपण पाय पसरून बसतो, तिच्यात अशी वाळूही असते, हे पोरांना सांगून पाहा, हसून लोळतील. काही झाले तरी प्रवाळावर पाय टेकायचा नाही, हात लावायचा नाही, आठवण म्हणून तुकडा उचलायचा नाही.

तीच बोट पुढे नायलॉन पूल नावाच्या जागी थांबते. भर समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, आणि पाणी कमरेएवढे! खाली स्वच्छ वाळू. न पोहणाऱ्या आजीलाही तिथे उतरवता येते. इंग्लंडची राजकन्या मार्गारेट हिने ते नाव दिले असे तिथले लोक सांगतात.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते डिसेंबर, दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीचे गढूळ पाणी इथवर येते आणि समुद्र हिरवट होतो. समुद्र पाहायचा तर फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ. किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड असते. त्याचे फळ हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि विषारी असते. पाऊस आला तर त्याच्या आडोशाला उभे राहू नये, ठिबकणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते.

एवढे झाले की पाण्यातून बाहेर या आणि माणसांकडे पाहा. मला विचाराल तर खरी सहल तिथे आहे. टोबॅगोची बहुसंख्य माणसे आफ्रिकी वंशाची आहेत. त्यांच्या पूर्वजांना साखळदंडात बांधून उसाच्या मळ्यांवर आणले होते. १ ऑगस्ट १८३४ ला इंग्रजांच्या कायद्याने गुलामी संपली. प्रत्यक्षात 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे मळेवाल्यांसाठी फुकट राबवून घेतले आणि १८३८ ला ते खरे सुटले. दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. राबणाऱ्यांना छदामही नाही. पुढे मजुरी द्यायला मालकांकडे पैसा नव्हता, म्हणून टोबॅगोत ऊस अर्धेलीने लावायची पद्धत आली. अर्धेली म्हणजे काय ते आपल्या वाचकांना सांगायला नको. १ ऑगस्ट ही तारीख आपल्याला अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीमुळे पाठ आहे. या देशात १९८५ पासून त्या दिवशी मुक्तिदिनाची सार्वजनिक सुटी असते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला टोबॅगोचा माणूस परका वाटू नये.

आणि म्हणूनच एक कडू गोष्ट बोलतो. आपल्यातलेही काहीजण मुलगी सावळी म्हणून नाक मुरडतात आणि आफ्रिकी माणूस दिसला की आपसांत 'काळ्या' म्हणून खिदळतात. ती सवय विमानात बसण्यापूर्वी सोडा. तिथे रीत अशी की दुकानात, गाडीत, रस्त्यावर, काही विचारायच्या आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचे. न म्हणता थेट 'हे केवढ्याला?' विचारले तर माणूस उद्धट ठरतो. फोटो काढायचा तर विचारून.

जेवणात तर आपण घरीच पोहोचतो. स्टोअर बेच्या टपऱ्यांवर बाया खेकड्याची करी आणि पिठाचे उकडलेले गोळे विकतात. १८४५ पासून मजूर म्हणून त्रिनिदादला आलेल्या भारतीयांची करी शेजारच्या बेटावर आफ्रिकी हातात गेली आणि टोबॅगोची ओळख झाली. चिंबोरीचे नांगे फोडायची आपल्याला सवय आहे, काटाचमचा बाजूला ठेवावा. कॅलालू म्हणजे अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध. चवीला आपल्या फदफद्याची सख्खी बहीण. नीरफणसही मिळतो.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी बक्कू गावात बकऱ्यांच्या शर्यती होतात. १९२५ पासूनची चाल आहे. स्वार बकरीवर बसत नाही, दोरी धरून तिच्यामागे धावतो. हसून पुरेवाट होते. पण त्या दिवसांत त्रिनिदादचे लोक लोटतात आणि खोल्या मिळत नाहीत. निवांतपणा हवा तर ईस्टर टाळा. जुलैत हेरिटेज फेस्टिव्हल असतो. मोरायाह गावात जुन्या काळच्या लग्नाची मिरवणूक निघते, उंच टोप्या घातलेले पुरुष, फिडल आणि बकरीच्या कातड्याचे टँब्रिन वाजते. समुद्र मात्र तेव्हा गढूळ. दोन्ही एकदम मिळत नाही.

एखादा दिवस गाडी करून गोल्डन लेन गावाला जा. तिथे गँग गँग सारा नावाच्या बाईची कबर दाखवतात. लोककथा अशी की ती आफ्रिकेहून वाऱ्यावर उडत, गुलाम करून नेलेल्या आपल्या माणसांच्या शोधात इथे आली. तिच्या शहाणपणाची ख्याती झाली, लहानपणी ओळखीच्या असलेल्या टॉमशी तिने लग्न केले. तो गेल्यावर तिला मायदेशी परतायचे होते. ती सावरीच्या झाडावर चढली, पण उडता आले नाही. इथले मीठ खाल्ले होते, त्याने विद्या गेली होती. ती पडून मेली.

शेवटचे दोन दिवस कस्तारा या कोळ्यांच्या गावात काढावेत. तिथे मातीच्या भट्टीत पाव भाजतात. सकाळी किनाऱ्यावर जाळे ओढायला माणसे जमतात. आपल्या कोकणातल्या रापणीसारखेच. दोरीला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, पाहुणा असला तरी. तेव्हा कॅमेरा खोलीत ठेवा, पायाची वाळू पक्की करा आणि दोरी धरा.