दुखवटा : शब्द आणि व्यवहार

व्यापारी मंडळांच्या इतिवृत्तांत सभेच्या आरंभी दुखवट्याचा ठराव संमत झाल्याची नोंद वारंवार आढळते. सभासद क्षणभर उभे राहतात, ठरावाची नक्कल दिवंगताच्या घरी रवाना होते आणि सभा पुढील विषयाकडे वळते. परंतु हा शब्द मूळचा इतका कोरडा नाही.

जुन्या मराठीत दुखवटा म्हणजे केवळ शोकाचे शब्द नव्हेत. शोकग्रस्त घरी आप्तेष्टांनी द्यावयाच्या वस्त्रासही दुखवटाच म्हणत. पेशवाईच्या काळी सरदार निवर्तला की त्याच्या वारसास दरबारातून दुखवट्याची वस्त्रे पाठवीत. शोक आवरून कामास लागावे, पाठीशी आम्ही आहोत, हा त्यांतील भाव. सारांश, दुखवटा हा बोलावयाचा तसाच हाती घेऊन जावयाचाही होता.

‘सहानुभूती’ म्हणजे दुसऱ्यासह अनुभवणे. ‘अनुकंपा’ त्याहून खोल जाते : दुसरा कापला की त्यामागोमाग आपलेही अंतःकरण कापणे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सातावेदनीय कर्माची कारणे सांगताना अनुकंपेच्या लगतच दान आले आहे. हृदय हलले तर मूठही सैल व्हावी, असेच जणू त्यातून सुचते.

सेवेत असता निधन पावलेल्या शासकीय कर्मचाऱ्याच्या वारसास अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळू शकते. दुकानदाराच्या घरी अशी सोय कोठून असणार? धनी गेला की घेणेकरी दारात येतात आणि देणेकरी मौन धरतात. तोंडी दिलेल्या उधारीचा कुटुंबास पत्ता नसतो. एकट्याच्या मालकीच्या पेढीची जीएसटी नोंदणीही वारसाच्या नावे आपोआप होत नाही. व्यवसाय पुढे चालविणाऱ्या वारसास नवी नोंदणी घ्यावी लागते. अशा वेळी ठरावाची नक्कल त्या माउलीच्या काय उपयोगी पडणार?

म्हणून व्यापारीबंधूंस आमची विनंती आहे. सांत्वनास जाताना त्या पेढीचे आपणांकडील देणे आपल्या वहीतून उतरवून न्यावे, ते न मागता सांगावे. आपले घेणे मात्र काही काळ उच्चारू नये. मंडळानेही ठरावासोबत एक जाणता सभासद हिशेब लावून देण्यास पाठवावा. आजच्या काळी दुखवट्याचे वस्त्र ते हेच.