डायब्लो घ्यावा की टॉर्चलाइट?

सुटी लागली की घरोघरी काँप्युटरवरच्या खेळांचा हट्ट सुरू होतो. पूर्वी कॅरम की बॅडमिंटन एवढाच प्रश्न असायचा आणि दोन्ही आणून दिले तरी महिन्याचा हिशेब कोलमडत नसे. आता थोरले चिरंजीव म्हणतात ‘डायब्लो थ्री’, धाकटी म्हणते ‘टॉर्चलाइट टू’. यजमान वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतात, “आईला विचारा.” आणि आईला या दोन्हींत काय फरक आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं! दुकानदाराला विचारावं तर तो महागडं तेच पुढे करणार. म्हणून मैत्रिणींनो, या दोन खेळांची ही थोडी चौकशी.

खेळ तसा एकाच जातीचा. याला ‘ॲक्शन आरपीजी’ म्हणतात. आपण एक वीर किंवा वीरांगना निवडायची, तिला घेऊन गुहेत, तळघरात, जंगलात शिरायचं आणि माउसची कळ दाबदाबून राक्षस मारायचे. राक्षस मेला की त्याच्याकडून मोहरा, तलवारी, चिलखतं, अंगठ्या खाली पडतात. त्यातलं चांगलं ते अंगावर चढवायचं, बाकीचं गावात येऊन विकायचं, आणि ताकद वाढली की आणखी खोल उतरायचं. झालं! मुलं यात तासन् तास काय बघत बसतात असं वाटत असेल तर सेलमधला साड्यांचा ढीग आठवा. एक बरी साडी हाताला लागली की घरी जायचं सोडून आपण आणखी ढीग उपसतोच ना? पुढच्या राक्षसापाशी काय निघेल ते ठाऊक नसतं, आणि सगळी गंमत त्या न ठाऊक असण्यातच आहे. त्यामुळे ‘पाच मिनिटांत उठतो’ याला काही अर्थ उरत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हे दोन्ही खेळ मुळात एकाच घराण्यातले आहेत. पहिला ‘डायब्लो’ आला १९९६ च्या अखेरीस, अमेरिकेत. डेव्हिड ब्रेव्हिक आणि मॅक्स व एरिक शेफर हे दोघे भाऊ यांनी उत्तर कॅलिफोर्नियात आपली छोटीशी कंपनी काढली होती. तिचं नाव काँडोर. ब्रेव्हिक शाळकरी वयात माउंट डायब्लो नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहायचा. त्या डोंगराचं नाव त्याच्या डोक्यात बसलं ते खेळाला मिळालं. आधी हा खेळ बुद्धिबळासारखा होता, एक चाल आपली, एक राक्षसाची. ब्लिझर्ड कंपनीच्या लोकांनी म्हटलं, की हे थांबणं-बिंबणं काढून टाका, घाव घालताक्षणी घाव बसू दे. ब्रेव्हिकला ते पटेना, पण एका शुक्रवारी दुपारी बसून त्याने तसा बदल करून पाहिला, आणि माउस दाबताच सांगाडा कोसळलेला पाहून त्याचं मतच बदललं. ब्लिझर्डने ती कंपनी विकत घेतली. २००० मध्ये दुसरा ‘डायब्लो’ आला, तोही अफाट चालला.

पुढे व्हायचं तेच झालं. २००३ मध्ये ही मूळ माणसं ब्लिझर्ड सोडून बाहेर पडली. वेगळी चूल मांडली ती पहिल्यांदा काही नीट पेटली नाही. ती कंपनी २००८ मध्ये बंद पडली. मग शेफर बंधू, ट्रॅव्हिस बाल्ड्री आणि आणखी काहीजण मिळून सिएटलला ‘रूनिक गेम्स’ उभी राहिली. तिने २००९ मध्ये ‘टॉर्चलाइट’ आणि २० सप्टेंबर २०१२ ला ‘टॉर्चलाइट टू’ काढला. म्हणजे बघा, नाव, वाडा आणि दागदागिने ब्लिझर्डकडे राहिले आणि स्वयंपाक करणारे हात या दुसऱ्या बिऱ्हाडात आले. पहिल्या ‘डायब्लो’ला गिटारचं संगीत देणारा मॅट उलमनसुद्धा इकडेच आला. दोन्ही खेळ शेजारी शेजारी ठेवले की ही भाऊबंदकी लगेच ओळखू येते.

आणि दोन्ही एकाच वर्षी बाजारात! ‘डायब्लो थ्री’ १५ मे २०१२ ला आला. किंमत साठ डॉलर, तेव्हाच्या दराने तीन हजार रुपयांच्या वर. ‘टॉर्चलाइट टू’ वीस डॉलर, म्हणजे हजार-अकराशे. तेव्हा तर ‘टॉर्चलाइट’च्या चार प्रतींचा जोड एका ‘डायब्लो’च्या किमतीत मिळत होता. घरात दोन मुलं आणि आतेभावंडं दोन, असा हिशेब असणाऱ्यांना हे किती सोयीचं, ते सांगायला नको. आता दोन्हींचे भाव उतरले आहेत, अधूनमधून सेलही लागतो. तेव्हा हट्ट सुरू झाल्या दिवशीच पाकीट उघडण्याचं कारण नाही.

पण खरा फरक किमतीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे. काँप्युटरवरचा ‘डायब्लो थ्री’ इंटरनेट चालू असल्याशिवाय उघडतच नाही. एकट्याने, कुणाशी न बोलता, दाराला कडी लावून खेळायचा म्हटला तरी कंपनीच्या दूरच्या यंत्राशी जोडणी हवीच. कंपनीचं म्हणणं, यामुळे चोरी आणि लबाडी थांबते. असेल. पण पहिल्याच रात्री जगभरच्या लोकांनी पैसे मोजून खेळ लावला आणि पडद्यावर उमटलं, ‘एरर ३७’. म्हणजे काय, तर आत गर्दी आहे, नंतर या! पहिल्या चोवीस तासांत पस्तीस लाखांवर प्रती खपल्या होत्या, आणि घेणाऱ्यांतले पुष्कळजण दाराबाहेर ताटकळत उभे. दक्षिण कोरियात तर गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून सरकारच्या व्यापार आयोगाने कंपनीच्या तिथल्या कचेरीची झडती घेतली आणि शेवटी कंपनीला अनेकांचे पैसे परत करायची तयारी दाखवावी लागली. आपल्याकडे ग्राहक पंचायतीच्या कामात असणाऱ्या भगिनींना हे वाचून बरं वाटेल.

ती गर्दी आता इतिहासजमा झाली. पण जोडणीची अट मात्र तशीच आहे. मुंबई-पुण्याच्या ब्लॉकमध्ये राहणारीला यात काही विशेष वाटणार नाही. आपण तालुक्याच्या गावातल्या बायका. पावसाची सर आली की इंटरनेट जातं, आणि दुपारी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. या खेळात ‘हार्डकोअर’ नावाचा एक प्रकार आहे, त्यात वीर एकदा मेला की कायमचा मेला. महिना-महिना खपून मोठा केलेला वीर राक्षसांच्या घोळक्यात उभा आहे आणि नेमकी वीज गेली, तर जोडणी तुटल्यावरही तो काही क्षण तिथेच उभा राहतो आणि मार खातो. मग रात्री मुलगा जेवत नाही आणि आपण विचारतो, परीक्षेत काही झालं का रे?

‘टॉर्चलाइट टू’ला ही अट नाही. एकदा काँप्युटरवर उतरवून घेतला की इंटरनेट नसताना खुशाल खेळावा. घरातल्या घरात दोन काँप्युटर जोडूनही खेळता येतो, प्रत्येक काँप्युटरला आपली प्रत हवी एवढंच. शिवाय जुन्या, हळू चालणाऱ्या काँप्युटरवरही तो तक्रार करत नाही. ‘डायब्लो थ्री’ निघाला तेव्हाच त्याला बारा जीबी जागा लागत होती. हा दोन जीबीच्या आसपास मावत असे. ज्यांच्याकडे यजमानांच्या ऑफिसातून उतरलेला काँप्युटर घरी आला आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मात्र एका बाबतीत ‘डायब्लो’ला गुण दिले पाहिजेत. त्यातला वीर कंपनीच्या तिजोरीत असतो. आपला काँप्युटर बिघडला, विकला, तरी दुसरीकडे जाऊन नाव आणि परवलीचा शब्द घातला की वीर हजर. ‘टॉर्चलाइट’मधला वीर आपल्याच काँप्युटरवर असतो, त्यामुळे दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून टाकलं आणि आधी नक्कल काढून ठेवली नसेल, तर वीरही गेला. आणि घरचाच असल्यामुळे त्यात लबाडीही करता येते. मुलं ती करतातच.

पैशांची आणखी एक गोष्ट. ‘डायब्लो थ्री’मध्ये सुरुवातीला खऱ्या पैशांचा लिलावबाजार होता. खेळात सापडलेली तलवार खऱ्या डॉलरला विकायची, कंपनी मधली दलाली घेणार. लोकांची अशी समजूत झाली, की बाजार चालावा म्हणून खेळात चांगल्या वस्तू मुद्दाम कमी पडतात. आणि खेळण्यापेक्षा बाजारात बसणं फायद्याचं ठरू लागलं. अहो, सुगरणीने स्वतःच्या घरी रोज खाणावळीचा डबा मागवावा तशातली ही गत! अखेर कंपनीलाच ते उमगलं आणि १८ मार्च २०१४ ला हा बाजार बंद झाला. त्यानंतरचा ‘डायब्लो थ्री’ पुष्कळच सुधारला, हे मान्य केलंच पाहिजे. त्याच महिन्यात ‘रीपर ऑफ सोल्स’ नावाचा पुढचा भाग आला, पण तो वेगळ्या पैशांचा. म्हणून घ्यायचाच तर सगळे भाग एकत्र असलेला संच घ्यावा, सुटं सुटं घेत बसू नये. ‘टॉर्चलाइट’ला असा मागाहूनचा खर्च नाही.

जाता जाता सांगते, फोनवर मिळणारा ‘डायब्लो इम्मॉर्टल’ हे वेगळंच प्रकरण आहे. २०२२ मध्ये आला, फुकट उतरवता येतो आणि मग आतमध्ये पावलोपावली पैसे मागतो. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तिथल्या कायद्यांमुळे तो काढलाच नाही. ‘आई, फुकटाय गं’ असं म्हणत कुणी फोन मागितला, तर बँकेचं कार्ड त्या फोनला जोडलेलं नाही ना, ते आधी बघा.

आता रक्तपाताचं. राक्षस दोन्हीकडे मरतात, पण ‘डायब्लो’त नरक आहे, फाटलेली प्रेतं आहेत, अंधार आहे. अमेरिकेत त्यावर सतरा वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे. ‘टॉर्चलाइट’ची चित्रं रंगीत, चांदोबातल्यासारखी ठसठशीत, तो तेरा वर्षांवरच्यांसाठी. सातवी-आठवीतल्या मुलाला मी ‘डायब्लो’ देणार नाही, मग त्याचे सगळे मित्र खेळोत.

गोष्ट मात्र ‘डायब्लो’चीच जास्त पकडून ठेवते. त्यात लिआ नावाची एक गुणी मुलगी आहे, डेकार्ड केन या म्हाताऱ्या पंडिताने काकाच्या मायेने वाढवलेली. तिची दुरावलेली आई एड्रिया परत येते, आपण सुखावतो, आणि तीच आई पोटच्या पोरीचा देह सैतानाला देते! कैकेयी परवडली. (शेवट फोडला म्हणून घरातले रागावतील, पण ते काही हा लेख वाचत नाहीत.) ‘टॉर्चलाइट’मध्ये म्हणावी अशी गोष्टच नाही. एक किमयागार बिघडतो, आधीच्या खेळातलं गाव जाळतो आणि आपण त्याच्यामागे धावत सुटतो.

पण ‘टॉर्चलाइट’मध्ये पाळीव प्राणी आहे! कुत्रा, मांजर, जे आवडेल ते सोबत घ्यायचं. तो लढतो, ओझं वाहतो, आणि त्याच्या पाठीवर नको असलेलं सामान लादून यादी दिली की एकटा गावात जाऊन सामान विकतो आणि येताना औषधाच्या बाटल्या घेऊन येतो. असं कुणी आपल्या घरात आहे का? मधूनच डोहाकाठी बसून गळ टाकून मासेही पकडता येतात. खरं सांगू, दुपारची झाकपाक झाल्यावर अर्धा तास स्वतःसाठी खेळायला मला हाच पसंत आहे. दोन्हीकडे वीरांगना निवडता येते आणि ती वीराइतकीच जोरकस असते.

तेव्हा माझं मत असं: घरात एकच काँप्युटर, इंटरनेट लहरी आणि मुलं शाळेतली, तर ‘टॉर्चलाइट टू’. मुलगा-मुलगी कॉलेजात, वसतिगृहात, जोडणी पक्की आणि मित्रमंडळी आधीच ‘डायब्लो’त, तर त्यांना एकटं पाडू नका, तोच द्या. आणि टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घरात असेल तर प्रश्नच मिटला. त्या यंत्रांवरचा ‘डायब्लो थ्री’ इंटरनेटशिवाय चालतो आणि एकाच टीव्हीसमोर चारजण बसून खेळू शकतात. मोठी मुलं, मामा, काका सगळे एका सतरंजीवर. हे ‘टॉर्चलाइट’ला जमत नाही. २०२३ च्या ‘डायब्लो फोर’ला मात्र या यंत्रांवरही इंटरनेट लागतंच, म्हणून खोक्यावरचा आकडा नीट वाचून घ्या.

रूनिक गेम्स २०१७ मध्ये बंद झाली, पण खेळ अजून विकत मिळतो आणि चालतो. त्यातला ट्रॅव्हिस बाल्ड्री पुढे कादंबरीकार झाला. त्याच्या २०२२ च्या पहिल्या कादंबरीत एक आडदांड राक्षसकुळातली लढवय्यी बाई तलवार खुंटीला टांगून कॉफीचं दुकान काढते.

एक शेवटचं, जेवणाच्या वेळेसाठी. ‘आई, मध्येच थांबवता येत नाही’ हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. एकट्याने खेळताना दोन्ही खेळ थांबवता येतात. कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘एस्केप’ची कळ असते, ती दाबली की पुरे. मित्रांबरोबर खेळत असतील तरच थांबत नाही. तेव्हा हाक मारण्याआधी पडद्यावर वीर किती आहेत ते मोजा. एकच असेल तर पोळी तव्यावर टाकायला हरकत नाही.