समुद्र नाही, म्हणजे पाणी नाही? युगांडाविषयीचे गैरसमज

चारही बाजूंनी जमीन आणि मधून विषुववृत्त. नकाशात एवढं दिसलं की देश तापलेला आणि तहानलेला असणार, असं अनेक जण धरूनच चालतात. पूर्व आफ्रिकेतल्या युगांडाला यातलं काहीच लागू पडत नाही.

पाण्यापासूनच सुरुवात करू. देशाचं क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 41 हजार चौरस किलोमीटर. त्यातला जवळपास सहावा हिस्सा सरोवरांनी आणि नद्यांनी व्यापलेला आहे. एकट्या व्हिक्टोरिया सरोवराचा सुमारे 45 टक्के भाग युगांडाच्या वाट्याला येतो. राजधानी कंपालाजवळ पोर्ट बेल हे बंदरही आहे आणि तिथून टांझानियातल्या म्वान्झापर्यंत मालवाहतूक चालते. समुद्र नसल्याची झळ बसते ती व्यापाराला. परदेशी जाणारी कॉफी आधी केनियातल्या मोम्बासा बंदरापर्यंत न्यावी लागते आणि त्यात वेळही जातो, पैसाही.

आता उकाडा. तापमान एकट्या अक्षांशावर ठरत नाही, उंचीवरही ठरतं. युगांडाचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून हजार ते बाराशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. त्यामुळे कंपालात दुपारचा पारा बहुतेक दिवस 25 ते 29 अंशांच्या दरम्यान असतो आणि रात्री हवा चांगली गार होते. मात्र सगळा देश हिरवागार आहे, हेही खरं नाही. ईशान्येकडचा करामोजा कोरडा आहे, पाऊस बेभरवशाचा आहे आणि तिथली माणसं प्रामुख्याने गुरांवर जगतात.

विषुववृत्तावरचा एक गैरसमज तर पर्यटकांना रोज डोळ्यांदेखत दाखवला जातो. कंपाला-मसाका रस्त्यावरच्या कायाब्वे इथे रेषेच्या उत्तरेला, दक्षिणेला आणि बरोबर रेषेवर पाण्याची भांडी मांडलेली असतात. पाण्यात फूल टाकतात. ते एकीकडे उजवीकडून गरगरतं, दुसरीकडे डावीकडून आणि रेषेवर सरळ खाली जातं. बघणारे थक्क होतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे वळतात हे खरं, पण विषुववृत्तापाशी तो परिणाम जवळजवळ शून्य असतो. काही पावलांच्या अंतरावर, हातभर भांड्यात तो दिसणं शक्यच नाही. पाणी कोणत्या बाजूने ओतलं, यावर ते कुठे फिरणार हे ठरतं.

पश्चिम सीमेवरच्या र्‍वेनझोरी पर्वतावर बर्फ आहे, यावर मात्र अनेकांचा विश्वास बसत नाही. त्याचं मार्गेरिटा शिखर 5,109 मीटर उंच आहे. किलिमांजारोसारखा हाही ज्वालामुखी असावा, असा समज असतो, पण र्‍वेनझोरी म्हणजे भूकवचातल्या भेगांदरम्यान वर उचलला गेलेला प्राचीन खडकांचा प्रचंड ठोकळा आहे. 1906 मध्ये इटलीच्या ड्यूक ऑफ अब्रुझी यांच्या मोहिमेने ही शिखरं सर केली, तेव्हा हिमनद्यांनी सुमारे सात चौरस किलोमीटर जागा व्यापली होती. आज त्यातलं एक चौरस किलोमीटरही उरलेलं नाही. हे नुकसान फार मोठं आहे. मात्र बर्फ संपला की नद्या आटतील, ही भीती चुकीची आहे. इथल्या नद्यांमध्ये वितळलेल्या बर्फाचा वाटा नगण्य आहे. त्या पावसावर वाहतात.

व्हिक्टोरिया सरोवरही पावसावरच भरतं. त्यात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के थेट सरोवरावर पडणाऱ्या पावसाचं असतं, नद्यांचं थोडंच. म्हणूनच 2019 च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत पावसाने कहर केला आणि मे 2020 मध्ये सरोवराच्या पातळीने 1964 चा उच्चांक मोडला. काठावरची घरं, धक्के, मासळीबाजार पाण्यात गेले. त्या पावसामागे मोठं कारण होतं ते हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा जास्त तापल्याचं. भारतीय हवामान खातं मोसमी पावसासाठी ज्या हिंदी महासागर द्विध्रुवावर नजर ठेवतं, तोच हा. किनारा नसलेल्या देशाचं पाऊसपाणीही समुद्राच्या हाती असतं ते असं.

सर्वांत महागात पडलेला गैरसमज दलदलीबद्दलचा आहे. दलदल म्हणजे पडीक जमीन, असं समजून तिच्यावर भराव टाकले गेले, शेती झाली, कारखाने उभे राहिले. कंपालाच्या कुशीतली नाकिवुबो दलदल पपायरस नावाच्या लव्हाळ्याच्या दाट वाढीतून शहराचं सांडपाणी गाळून मगच सरोवरात सोडायची आणि तिथून जवळच गाबा इथे शहरासाठी पिण्याचं पाणी उचललं जातं. दलदल आक्रसत गेली तसं ते पाणी शुद्ध करणं अवघड आणि खर्चिक झालं. वाढती मागणी आणि हे घाण होत चाललेलं पाणी, या दोन्हींपायी कंपालाला पूर्वेला दूर कातोसी इथे नवा जलशुद्धीकरण प्रकल्प उभारावा लागला.