मायना आणि विशेष

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील तीन शेजारगांवें. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत बिऱ्हाडें मांडलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथास शिलाहारांच्या काळचें, शके ९८२ चा शिलालेख असलेलें शिवालय आहे, तसेच संरक्षण साहित्याचे कारखाने व मोठी औद्योगिक वसाहतही आहे. बदलापुराहून पहांटेच्या अंधारांत मुंबईस निघणाऱ्या लोकल गाड्या माणसांनीं भरून जातात. अशा या टापूंत नोकरीचा अर्ज ही केवळ लिहिणाराचीच नव्हे, तर साऱ्या घराची चिंता असते. अर्जासोबत जाणारें जें परिचयपत्र, ज्यास हल्लीं सर्वत्र रेझ्युमे म्हणतात, त्याच्या आरंभींच्या तीन-चार ओळींविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या ओळी बहुधा कशा असतात हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ‘नामांकित संस्थेंत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणें हें माझें ध्येय आहे.’ हें वाक्य अभियंत्याच्या परिचयपत्रावर शोभतें, हिशेबनिसाच्या शोभतें आणि शिक्षिकेच्याही शोभतें. आणि जें सर्वांस शोभतें तें कोणाचेंच नसतें. वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढें असे अनेक कागद असतात. एकाच पदासाठीं आलेल्या दहा उमेदवारांनीं हेंच ध्येय सांगितल्यावर त्यानें निवड कशाच्या आधारें करावी?

आपल्या जुन्या पत्रलेखनांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. हेमाडपंताच्या नांवावर चालत आलेल्या मेस्तकांत कोणास कोणता मायना लिहावा याचे नियम आहेत. परंतु मायना कितीही भारदस्त असला तरी पत्राचा प्राण त्यांत नसतो. ‘विनंति विशेष’ किंवा ‘पत्र लिहिण्यास कारण कीं’ येथून खरें पत्र सुरू होतें. आमची तरुण मंडळी परिचयपत्राच्या आरंभीं मायनाच लिहितात आणि विशेष लिहावयाचा विसरतात. त्या चार ओळी विशेषासाठीं आहेत.

हें अज्ञानामुळें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच्या मुळाशीं घरचा संस्कार आहे. दासबोधांतील मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुति करणाऱ्याची गणना केली आहे, आणि वडिलांची कीर्ति सांगत सुटणाराही त्याच्याच शेजारीं बसविला आहे. हें ऐकत वाढलेल्या मुलास ‘मी हें केलें’ असें लिहितांना लेखणी जड वाटते, म्हणून तो सर्वांचें वाक्य उचलून त्याच्या आड लपतो. पण स्तुति निराळी आणि निवेदन निराळें. ‘मी अत्यंत कष्टाळू व कुशल आहें’ ही स्तुति; ती आपण करूं नये, आणि केली तरी तीवर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. ‘मीं चार वर्षें अमुक काम केलें’ हें निवेदन. त्यांत संकोच कसला?

निवेदनांत तीन गोष्टी याव्या: आपण कोण, आजवर काय केलें, आणि या जागीं त्याचा उपयोग काय. समजा, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका रसायन-कारखान्यास तपासनीस हवा आहे. उमेदवारानें असें लिहावें: ‘रसायनशास्त्राचा पदवीधर. कारखान्याच्या प्रयोगशाळेंत ४ वर्षें कच्च्या व तयार मालाची तपासणी. टायट्रेशन व गॅस क्रोमॅटोग्राफ यांवर स्वतंत्रपणें काम. बदलापुरांत वास्तव्य, तिन्ही पाळ्यांस तयार.’ यांत स्तुतीचें एकही विशेषण नाहीं, तरी माणूस डोळ्यांपुढें उभा राहतो. जाहिरातींत कामाचीं जीं नांवें असतील तींच, खरीं असल्यास, येथें वापरावीं. पुष्कळ मोठ्या संस्थांत हल्लीं पहिली चाळणी संगणक करतो, आणि तो तींच शोधतो.

प्रत्येक जागेसाठीं या ओळी नव्यानें लिहाव्या, याचा दाखला दूरच्या इटलींत आहे. सुमारें १४८२ मध्यें लिओनार्दो दा विंची यानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या आश्रयासाठीं एक पत्र सिद्ध केलें. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यांत हलके पूल, तोफा, वेढ्याची साधनें यांची मुद्देवार यादी प्रथम येते, आणि आपण चित्रकार आहों हें तो अगदीं शेवटीं सांगतो. मिलानला युद्धाची गरज आधीं होती. म्हणून जगानें ज्या कलेसाठीं त्यास डोक्यावर घेतलें, ती त्यानें मागें ठेविली.

घरांतील सुनांचा व लेकींचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुलांच्या संगोपनासाठीं नोकरी सोडून पुन्हां उभ्या राहूं पाहणाऱ्या स्त्रीस मधलीं वर्षें लपवावीशीं वाटतात. लपवूं नयेत. ‘हिशेबनीस म्हणून ३ वर्षें अनुभव. कौटुंबिक कारणानें ८ वर्षें खंड. टॅली व जीएसटीच्या विवरणपत्रांचें शिक्षण नुकतेंच पूर्ण. घाऊक व्यापाऱ्याचे खरेदी-विक्रीचे हिशेब स्वतंत्रपणें ठेवूं शकतें.’ उल्हासनगरच्या कापडबाजारांतील पेढीस याहून अधिक काय हवें? नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलानेंही ध्येयाऐवजीं अभ्यासांतील एखादा प्रकल्प किंवा सुट्टींत केलेलें काम सांगावें.

घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति आहे. मुलांचा अर्ज आपण स्वतः लिहून देऊं नये. मात्र तो समोर बसवून वाचून घ्यावा, आणि प्रत्येक ओळीस विचारावें, ‘हें खरें काय? आणि हें तुझ्यावांचून आणखी कोणास लिहितां येईल?’ पहिल्या प्रश्नास होकार व दुसऱ्यास नकार मिळाला कीं ओळ ठेवावी. एरव्हीं ती खोडावी. मुलाखतीच्या खोलींत त्या ओळींचा जाब मुलास एकट्यानेंच द्यावयाचा असतो. म्हणून तेथें निःशंकपणें उच्चारतां येईल, तेवढेंच कागदावर असूं द्यावें.