शुभवर्तमान एक, वाचने अनेक
फुले, रमाबाई, टिळक आणि विनोबा यांना दिसलेला येशू

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना महामार्गावर शिरवळ लागते. हा भाग खंडाळा तालुक्याचा. लोणावळ्याजवळचा नव्हे, सातारा जिल्ह्यातला. याच तालुक्यातील नायगावी 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. त्यांच्या बालपणाची एक कथा सांगितली जाते. शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने लहानग्या सावित्रीच्या हाती येशूच्या चरित्राचे पुस्तक दिले. वडिलांनी ते भिरकावून दिले. मुलीने मात्र ते उचलून जपून ठेवले आणि लग्नानंतर सासरी नेले. कथेचा तपशील कसाही असो, तिच्यातील प्रश्न खरा आहे. परधर्माचे पुस्तक हाती आले, तर ते फेकावे, स्वीकारावे, की वाचून त्यातले आपल्याला पटेल ते घ्यावे? गेल्या दोन शतकांत मराठी मनाने या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे दिली आहेत.

मुळात येशूची शिकवण एकाच लेखणीतून उतरलेली नाही. त्याने स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ उपलब्ध नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी ओळखली जाणारी चार शुभवर्तमाने ग्रीक भाषेत आहेत. त्यांपैकी मार्कचे सर्वांत जुने, म्हणजे इसवी सन 70 च्या सुमाराचे, आणि योहानाचे शतकाच्या अखेरचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चौघांचे कथन सारखे नाही. येशूच्या जन्मप्रसंगी मत्तय पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना आणतो, तर लूक मेंढपाळांना. मार्क जन्मकथा सांगतच नाही आणि योहान थेट सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात करतो. लूकच्या येशूने गरिबांना धन्य म्हटले आहे; मत्तयाच्या येशूने आत्म्याने दीन असलेल्यांना. हा फरक एखाद्या शब्दाचा वाटला, तरी अर्थाचा पल्ला मोठा आहे. पहिल्यात भुकेल्याची बाजू आहे, तर दुसऱ्यात अंतःकरणाची नम्रता. वाचणारा कोणत्या परिस्थितीतून आला आहे, यावर त्याला कोणता येशू भेटणार हे अवलंबून असते.

जोतीराव फुले यांना भेटला तो पहिला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी 1873 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गुलामगिरी’त येशूचे नाते थेट बळीराजाशी जोडले. शेतकऱ्यांच्या मनात घर करून असलेला, कपटाने पाताळात गाडला गेलेला बळी आणि दीनदुबळ्यांची बाजू घेतल्याने मारला गेलेला येशू त्यांना एकाच परंपरेतले वाटले. तरीही जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ नको, ही त्यांची भूमिका होती. एकाच कुटुंबात निरनिराळे धर्म पाळणारी माणसे प्रेमाने नांदावीत, असे चित्र त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त रेखाटले.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात वादळ उठले. जोतीरावांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. परंतु रमाबाईंचा झगडा केवळ स्वकीयांशी नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींना पत्रांतून सडेतोड प्रश्न विचारले. एका धर्मपीठाची सत्ता सोडली, ती दुसऱ्याची स्वीकारण्यासाठी नव्हे, असा त्यांचा रोख होता. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. सामान्य स्त्रीलाही समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. 1922 मधील निधनापर्यंत त्या याच कामात गढलेल्या होत्या.

तिसरे उत्तर साताऱ्यातच मिळाले. कवी नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत संसाराला मोजावी लागली. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ती वेदना ठाऊक आहे. टिळक येशूपर्यंत पोहोचले ते तुकोबांचे बोट धरून. म्हणूनच त्यांनी अभंग रचले आणि येशूचरित्र ‘ख्रिस्तायन’ म्हणून ओवीबद्ध करायला घेतले. ते अपुरे राहिलेले काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूभक्त तेथे बंधू म्हणून एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. 9 मे 1919 रोजी टिळक निवर्तले आणि हा प्रयोग बहरण्यापूर्वीच त्याचा आधार गेला.

टिळक साताऱ्यात आले, त्याच 1917 च्या सुमारास खंडाळ्याशेजारच्या वाईत तरुण विनोबा भावे प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन करीत होते. पुढे गीतेबरोबरच कुराण आणि बायबल यांचाही त्यांनी अभ्यास केला आणि नव्या करारातील निवडक वचनांचे ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. धर्मांतराचा प्रश्नच त्यांच्या मनात नव्हता. शत्रूवरही प्रेम करण्याची शिकवण त्यांना सत्याग्रहाच्या जवळची वाटली.

बळीराजा, मुक्तिदाता, सद्गुरू आणि अहिंसेचा उपदेशक अशी ही चार रूपे. ही परस्परांत पूर्णपणे मिसळत नाहीत आणि मिसळावीत असा आग्रहही नको. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला येशू केवळ नीतिशिक्षक मानलेला पुरेसा वाटणार नाही. त्याच्यासाठी क्रूस आणि पुनरुत्थान हेच शुभवर्तमानाचे मर्म आहे. उलट, जोतीरावांच्या वाटेने जाणाऱ्याला समतेचा आशय चमत्कारांहून मोलाचा वाटेल. मतभेद खरे आहेत. ते झाकण्यात अर्थ नाही.

मात्र या चौघांत एक समान धागा आहे. चौघांनीही ऐकीव मतावर न विसंबता पुस्तक स्वतः वाचले आणि त्याला स्वतःचे प्रश्न विचारले. आज येशूचे नाव निघाले, की चर्चा ताबडतोब धर्मांतराच्या बाजूने किंवा विरोधात जाते आणि त्याने काय शिकवले, हे बाजूलाच राहते. पुस्तक भिरकावणारा हात आणि ते उचलून जपणारा हात, दोन्ही शिरवळच्या कथेत आहेत. त्यांतला कोणता आपला, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.