कॅसलरॉकची जकात आणि गणेशगुडीची ओसरी

गणेशगुडीला काळी नदीच्या काठी एका घरगुती मुक्कामात मी दोन रात्री होतो. पहिल्याच दिवशी तिन्हीसांजेला घरचे यजमान एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन घरामागची चढण चढताना दिसले. ओसरीवर रेंज येत नाही. चढणीवरच्या फणसापाशी उभे राहिले म्हणजे कशीबशी येते, आणि तेवढ्या आधारावर त्यांना लिस्बनहून आलेल्या एका पाहुणीचा सी-फॉर्म सरकारदरबारी रुजू करावयाचा होता. पाऊण तासाने ते परत आले, पासपोर्ट दोन्ही हातांनी पाहुणीच्या स्वाधीन केला आणि म्हणाले, "झालं बाई. तुम्ही आज आमच्याकडे आहात, ते सरकारला कळवलं."

त्या दोन शब्दांत, 'आमच्याकडे आहात' यात, परक्या मुलखात आलेल्या माणसाला हवे असलेले सारे आश्वासन सामावलेले होते. परंतु हे आश्वासन देण्यापूर्वी यजमानाला किती कागद पाहावे लागतात आणि ते मिळण्यापूर्वी पाहुण्याला किती दारांतून जावे लागते, याची कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांना असते. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने सांगण्याचे मनात आले.

गणेशगुडी ज्या जोयडा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर कॅसलरॉक नावाचे रेल्वे स्थानक आहे. आज तेथे गाडीतून उतरणारा उतारू विरळा. पण एके काळी मुंबई-पुण्याहून गोव्यास जाणाऱ्या प्रत्येक रेल्वे-प्रवाशाला हे नाव पाठ असे, कारण इंग्रजी मुलूख तेथे संपत असे आणि पुढे घाट उतरताना पोर्तुगीज अंमल सुरू होत असे. हा तालुका ज्यात येतो तो उत्तर कानडा जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे मुंबई सरकारच्या दृष्टीने ही सरहद्द त्याच्या स्वतःच्या अंगणातलीच होती. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा सुमारे 82 किलोमीटरचा लोहमार्ग 1888 साली पुरा झाला, आणि तो घडून आला तो 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहामुळे. त्या तहाने दोन्ही मुलखांतील जकातीची भिंत पाडली होती आणि गोव्यातील मिठाच्या व्यवहारावर इंग्रजांचे नियंत्रण बसवले होते. गोव्यातील मिठागरवाल्यांनी त्याची जबर किंमत मोजली. तहाची मुदत 1892 च्या प्रारंभी संपली, तिचे नूतनीकरण झाले नाही, आणि आगगाडी सुरू होऊन पुरी चार वर्षेही लोटली नाहीत तोच घाटमाथ्यावर कॅसलरॉकला इंग्रजांचे आणि पायथ्याशी कुळे येथे पोर्तुगीजांचे जकातीचे दप्तर उभे राहिले.

मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनास निघालेली कुटुंबे, मुंबईत चाकरीस असलेले गोमंतकीय, सरहद्दीच्या दोन्ही अंगांना सोयरसंबंध असलेली घरे, या साऱ्यांना फलाटावर उतरून आपल्या ट्रंका उघडून दाखवाव्या लागत. एकच भाषा बोलणाऱ्या, एकाच कुलदैवताच्या माणसांना एकाच प्रवासात दोनदा आपल्या सामानाचा हिशेब द्यावा लागे, याचे वैषम्य त्या पिढीला किती वाटले असेल, ते ज्यांच्या घरांत या प्रवासाच्या आठवणी निघतात त्यांना निराळे सांगावयास नको. 1947 नंतर निर्बंध उत्तरोत्तर कडक होत गेले; 1955 च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि घाटातील रेल्वेची ये-जा बंद पडली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि कॅसलरॉकचे सरहद्दीचे महत्त्व इतिहासजमा झाले. गाड्या मात्र कॅसलरॉकला आणि कुळ्याला आजही थांबतात. या घाटात 37 मीटर चालावे तर 1 मीटर चढावे लागते. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून चढत्या गाडीला कुळ्याला जादा इंजिने जोडतात आणि उतरत्या गाडीचे ब्रेक कॅसलरॉकला तपासतात.

आमच्या सहनिवासी पाहुणीबाई याच घाटाने, दूधसागर खिडकीतून पाहत, मडगावहून लोंढ्यापर्यंत आणि तेथून रामनगरवरून मोटारीने गणेशगुडीस आल्या होत्या. त्यांचे आजोबा गोव्यातल्या सासष्टीचे. गोव्यात 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्याने त्या देशाचे नागरिकत्व नोंदवून घेण्याची मुभा आहे, आणि हजारो गोमंतकीयांनी तिचा लाभ घेतला आहे. परंतु आपले संविधान दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, परकीय नागरिकत्व स्वेच्छेने पत्करताच भारतीयत्व संपते, आणि मग जन्मगावी जाण्यासाठीसुद्धा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा व्हिसा लागतो. बाईंनी ओसीआय काढलेले नव्हते. त्या इतर पर्यटकांप्रमाणे ई-व्हिसावर आल्या होत्या. परकीय नागरिकत्व पत्करण्याकडे पोटापाण्यासाठी केलेला निर्णय म्हणून पाहावे, निष्ठेची परीक्षा म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

हा ई-व्हिसा 27 नोव्हेंबर 2014 रोजी 43 देशांच्या नागरिकांसाठी सुरू झाला आणि पुढे बहुतेक देशांना लागू झाला. पूर्वी वकिलातीच्या दारात उभे राहावे लागे. आता घरबसल्या अर्ज, छायाचित्र आणि पासपोर्टच्या पानाची प्रत पाठविली की मंजुरीचा कागद ई-पत्राने येतो. पासपोर्टची मुदत निदान 6 महिने शिल्लक असावी, त्यात शिक्क्यांसाठी दोन पाने कोरी असावीत, आणि उतरावे ते ठरवून दिलेल्या विमानतळावर किंवा बंदरात, एवढ्या अटी सांभाळल्या की पुढचे सुकर होते. गोव्यात दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ त्यात आहेत. गोंधळ होतो तो एका तारखेने. 30 दिवसांच्या पर्यटक व्हिसाच्या मंजुरीपत्रावर मुदत संपण्याची जी तारीख छापलेली असते, ती भारतात प्रवेश करण्याची अखेरची तारीख होय. मुक्कामाचे 30 दिवस प्रत्यक्ष उतरल्या दिवसापासून मोजावयाचे असतात. पाहुणीबाई ती तारीख परत जाण्याची समजून दोन दिवस अस्वस्थ होत्या. यजमानांनी त्यांच्या पासपोर्टवरचा विमानतळाचा शिक्का कंदिलाच्या उजेडात वाचला, बोटांवर दिवस मोजले आणि सांगितले, "अजून सतरा दिवस आहेत तुमचे. निवांत राहा." त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी कसा उतरला, तो मी पाहिला आहे. वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या व्हिसाची गणना मात्र वेगळी, मंजुरीच्या तारखेपासून होते, हेही ध्यानात ठेवावे.

आता सी-फॉर्मकडे येऊ. परदेशी पाहुणा मुक्कामास आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर भरण्याची जबाबदारी, त्याला आसरा देणाऱ्यावर असते. पासपोर्ट आणि व्हिसाचे क्रमांक, भारतात कोठे व कधी उतरला, येथे कोठून आला, पुढे कोठे जाणार, आणि छायाचित्र, असा हा तक्ता. 1920, 1939 आणि 1946 चे जुने कायदे रद्द होऊन 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांसाठी एकच नवा कायदा अमलात आला, तरी यजमानाचे हे कर्तव्य कायम आहे. आणि ते केवळ हॉटेलवाल्यांचे नाही. सांगलीत किंवा ठाण्यात आपल्या घरी व्हिसावर आलेला परदेशी स्नेही उतरला, तर त्याची वर्दी देणे घरमालकाला बंधनकारक आहे. ही गोष्ट माहीत नसलेले सुशिक्षित गृहस्थ मला किती तरी भेटले. 180 दिवसांहून अधिक राहणाऱ्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकांना आल्यापासून 14 दिवसांत स्वतःची नोंदणीही करावी लागते. मोठ्या शहरांत त्याचे स्वतंत्र दप्तर असते, जिल्ह्यांत ते काम पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे गणेशगुडीच्या बाबतीत कारवारला. पासपोर्ट हरवल्यास प्रथम पोलिसांत तक्रार, मग वकिलातीकडून तात्पुरता दस्तऐवज, आणि शेवटी देश सोडण्याचा परवाना, हा क्रम चुकवून चालत नाही.

जंगलात फिरावयास येणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना येथेच करतो, कारण तिच्या अभावी निरपराध माणसे अडचणीत येतात. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी यंत्रे परवान्याशिवाय भारतात आणणे गुन्हा आहे. युरोपात डोंगर चढणारा मनुष्य ती संकटकाळची सोय म्हणून सहज पिशवीत टाकतो. आपल्याकडे विमानतळावर त्याला चौकशीस तोंड द्यावे लागते.

रेल्वेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. आपण लहानपणापासून वेटिंग लिस्ट, आरएसी, तत्काळ हे शब्द ऐकत वाढतो, म्हणून त्यांचा अर्थ आपल्याला आपोआप कळतो. परदेशी माणसाला तिकिटाचे पैसे घेतले गेले आणि तरीही जागा नाही, ही कल्पनाच उमजत नाही. त्याला सांगावे ते असे: आरएसी म्हणजे गाडीत चढण्याचा हक्क आणि बसण्यापुरती अर्धी जागा, वेटिंग लिस्ट म्हणजे दुसऱ्या कोणी तिकीट रद्द करण्याची वाट पाहणे, आणि ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार होईपर्यंत वेटिंगवरच राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत जातात, त्यावर गाडीत चढता येत नाही. 1 नोव्हेंबर 2024 पासून आपल्यासाठी आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली. परदेशी पर्यटकांची 365 दिवसांची सवलत मात्र तशीच राहिली. शिवाय ठराविक गाड्यांत त्यांच्यासाठी स्वतंत्र कोटा असतो आणि मोठ्या स्थानकांवर पासपोर्ट व व्हिसा दाखवून त्यातून तिकीट मिळते. महिनोन्‌महिने आधी बेत आखणाऱ्याला ही व्यवस्था उदार आहे.

आयत्या वेळी बेत बदलणाऱ्याचे हाल होतात. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधारने ओळख पटविलेल्या खातेदारालाच मिळते. दलालांचा उपद्रव मोडण्यासाठी हा हुकूम आवश्यक होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही; पण महिनाभरासाठी आलेल्या पर्यटकाजवळ आधार कोठून असणार? त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा सरकारने आधीच तपासलेला असतो, विमानतळावर बोटांचे ठसेही घेतलेले असतात. त्याच ओळखीवर तत्काळ तिकीट देण्याची तजवीज व्हावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याचबरोबर लोंढ्यासारख्या जंक्शनवर, जेथून गोवा, बेळगाव आणि हुबळीचे मार्ग फुटतात, आरएसी आणि वेटिंगचा अर्थ सांगणारा एक स्वच्छ फलक असावा.

पाहुणीबाईंना लोंढ्याहून पुण्यास जावयाचे होते आणि त्यांचे तिकीट वेटिंगवर अडकले होते. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर यजमान त्यांना हे सारे समजावीत होते. मध्येच कोकणीत, मध्येच मराठीत. यजमानांचे मूळ गाव जुने सुपे. 1987 साली पूर्ण झालेल्या 101 मीटर उंचीच्या धरणामागे ते पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्यास हलली आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरास वसविली गेली. आज त्या धरणावर 50 मेगावॉटची दोन यंत्रे वीज करतात, आणि यंत्रांतून सुटणाऱ्या पाण्यावर येथले राफ्टिंग चालते. "आमचे वडील पुनर्वसनाच्या कागदासाठी कचेऱ्यांत पुष्कळ बसले," ते म्हणाले. "कोणी नीट सांगितलं, तर त्या दिवशी ते जेवायचे. नाही सांगितलं, तर नाही." दुसऱ्याचा पासपोर्ट ते दोन्ही हातांनी का देतात, ते मला तेव्हा कळले.

सकाळी तिकीट आरएसीत आले. बाईंनी विचारले, चढू शकेन ना? यजमान म्हणाले, चढाल, बसाल, आणि मिरजेपर्यंत कोणी उतरलं तर झोपालही. टीसीला मात्र मूळ पासपोर्ट दाखवा, झेरॉक्स नको. त्यांनी बाईंना रामनगरच्या मोटारीत बसवून दिले, सामान वर चढविले, वाहकाला लोंढा स्थानकाशी उतरवायला बजावले. मोटार वळणाआड गेल्यावर ते घरात न शिरता मोबाईल घेऊन पुन्हा फणसाकडे निघाले. पाहुणा निघाल्याची तारीख आणि वेळही त्या फॉर्मात भरावी लागते.